१३ दिवस, दोन कागद

सप्टेंबर १९७८मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर, इजिप्तचे अन्वर सादात आणि इस्राएलचे मेनाखेम बेगिन कॅम्प डेव्हिडच्या डोंगराळ विश्रामस्थानी १३ दिवस तळ ठोकून होते. ते बाहेर पडले तेव्हा दोन कागद तयार झाले होते. एक इजिप्त-इस्राएल तहाचा आराखडा, दुसरा वेस्ट बँक आणि गाझा इथल्या पॅलेस्टिनींच्या भवितव्याविषयीचा. पहिल्यातून मार्च १९७९मध्ये तह झाला. सादात यांची हत्या, लेबनॉनमधलं युद्ध, पॅलेस्टिनींचे दोन उठाव (इंतिफादा), कैरोत मुस्लिम ब्रदरहुडची सत्ता आणि २०२३पासूनचं गाझाचं युद्ध, हे सगळं पचवून तो आजही उभा आहे. दुसरा कागद जागच्या जागी विरला. माणसं तीच, मध्यस्थ तोच, तरी निकाल इतका वेगळा का, याचं उत्तर इस्राएली-पॅलेस्टिनी वाटाघाटींच्या पुढच्या साऱ्या इतिहासाला लागू पडतं, असं मला वाटतं.

पहिल्या कागदात मुक्काम आधी ठरला होता: आंतरराष्ट्रीय सीमेपर्यंतचा सगळा सिनाई इजिप्तला परत. घासाघीस उरली ती किती टप्प्यांत, किती वर्षांत आणि परत मिळालेल्या वाळवंटात किती सैनिक ठेवायचे याची. त्यासाठी सिनाईचे अ, ब, क असे पट्टे पाडले आणि पहाऱ्याला बहुराष्ट्रीय पथक बसवलं. तरीही एक कोपरा अडलाच. इस्राएलच्या इलात शहराला लागून असलेला ताबा हा जेमतेम चौरस किलोमीटरचा किनारा, त्यावर इस्राएली हॉटेल, आणि भांडण ९१ क्रमांकाचा सीमास्तंभ मुळात कुठे होता यावरचं. पण वाद चर्चेने मिटला नाही तर समेट किंवा लवाद, असं तहातच लिहिलेलं होतं. पाच जणांच्या लवादाने १९८८मध्ये इजिप्तच्या बाजूने निकाल दिला आणि पुढच्या मार्चमध्ये इस्राएलने हॉटेलसकट तो किनारा सोडला. गोळी न झाडता. दुसऱ्या कागदात मात्र पाच वर्षांची स्वायत्तता होती, तिसऱ्या वर्षापर्यंत अंतिम तोडग्याची बोलणी सुरू करायची होती, आणि त्या तोडग्यात भूमी कोणाची, सीमा कुठली, यावर मौन होतं. ज्यांच्याबद्दल हे सगळं चाललं होतं ते पॅलेस्टिनी तर बैठकीतच नव्हते. सादात यांनी स्वतःचं पदरात पाडून घेतलं आणि त्यांना वाऱ्यावर सोडलं, अशी टीका तेव्हाच झाली. ती अगदीच चुकीची नव्हती.

नवल असं, की १५ वर्षांनी ऑस्लोत जो करार शिजला त्याने साचा घेतला तो या फसलेल्या कागदाचा. १३ सप्टेंबर १९९३ रोजी व्हाइट हाउसच्या हिरवळीवर इस्राएलचे पंतप्रधान यित्झाक राबिन आणि पॅलेस्टिनी नेते यासर अराफात यांनी हस्तांदोलन केलं. या वेळी पॅलेस्टिनी स्वतः सही करत होते, ही मोठीच गोष्ट. पण रचना तीच: पाच वर्षं अंतरिम व्यवस्था, तिसऱ्या वर्षापर्यंत अंतिम बोलणी, आणि जेरुसलेम, निर्वासित, वसाहती, सुरक्षा, सीमा हे सगळे प्रश्न नंतरसाठी. एकमेकांना दिलेल्या मान्यतेच्या पत्रांत अराफात यांच्या पीएलओ या संघटनेने इस्राएलचा अस्तित्वाचा हक्क मान्य केला. इस्राएलने पीएलओला पॅलेस्टिनींचा प्रतिनिधी मानलं, राज्याचा शब्दही काढला नाही. १९९५च्या दुसऱ्या करारात वेस्ट बँकेचेही अ, ब, क असे भाग पडले. सिनाईत ही अक्षरं फक्त सैन्य किती हे सांगत होती, जमीन इजिप्तचीच होती. वेस्ट बँकेत राज्य कोणाचं हेच त्यांच्यावर ठरू लागलं, आणि सुमारे ६० टक्के जमिनीचा ‘क’ भाग पूर्णपणे इस्राएलच्या हाती राहिला. असं घोंगडं भिजत पडलं की ज्यांना तडजोड नको असते त्यांचं फावतं. शेवट लिहिलेला नसल्यामुळे तो अजून आपल्याकडे ओढता येईल, हे दोन्हीकडच्यांनी ओळखलं. फेब्रुवारी १९९४मध्ये हेब्रॉनच्या मशिदीत बारूख गोल्डस्टाइन या इस्राएली वसाहतवाल्याने २९ जणांना मारलं, हमासने आत्मघाती स्फोटांचं सत्र आरंभलं, नोव्हेंबर १९९५मध्ये एका ज्यू माथेफिरूने राबिन यांचा बळी घेतला. दरम्यान पूर्व जेरुसलेम वगळता वेस्ट बँकेतले वसाहतवाले १९९३च्या सुमारे एक लाख दहा हजारांवरून २०००पर्यंत दोन लाखांच्या घरात गेले.

यावर पहिला आक्षेप असा, की १९९३मध्ये मुक्कामाचा आग्रह धरला असता तर सहीच झाली नसती. खरं आहे. ‘राज्यापेक्षा काहीसं कमी’ याच्या पुढे राबिन यांनी जाहीरपणे कधी पाऊल टाकलं नाही. पण मग जे झालं त्याला शांतता करार म्हणू नये; ती बोलत राहण्याची सोय होती. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: सिनाई म्हणजे ओसाड वाळवंट, तर वेस्ट बँकेच्या टेकड्यांवरून तेल अवीवचा किनारपट्टा नजरेच्या टप्प्यात येतो, शिवाय जेरुसलेमची पवित्र स्थळं आहेत. म्हणून हमी कडक हवी, पहारा दीर्घकाळ हवा, हे मी मान्य करतो. सीमा मोघम ठेवल्याने मात्र त्या टेकड्या दूर सरकत नाहीत. तिसरा आक्षेप २०००च्या कॅम्प डेव्हिडचा: तिथे अंतिम प्रश्न टेबलावर आलेच होते, तरी फसले. आले, पण सात वर्षांत विश्वास संपल्यावर, इस्राएलचे पंतप्रधान एहुद बराक यांचं बहुमत गेलेलं आणि अमेरिकेचे अध्यक्ष क्लिंटन यांचे शेवटचे महिने उरलेले असताना. जानेवारी २००१मध्ये त्याच ताबात पुन्हा बसल्यावर दोन्ही शिष्टमंडळांनी एकत्र निवेदन काढलं, की आपण तोडग्याच्या इतके जवळ कधीच नव्हतो. काही दिवसांत इस्राएलमध्ये निवडणूक झाली, आरियेल शारोन आले आणि विषय मिटला. त्याच शारोन यांनी २००५मध्ये गाझातून माघार घेतली आणि पुढे तिथे हमास आली, हा जमीन सोडून शांतता मिळत नाही याचा दाखला हमखास दिला जातो. पण ती माघार एकतर्फी होती. तिच्यापोटी समोरच्याकडून काहीही लिहून घेतलेलं नव्हतं.

हमासचा ७ ऑक्टोबर २०२३चा हल्ला आणि गाझाची राखरांगोळी यांनंतर २०२५च्या ऑक्टोबरात युद्धविराम झाला आणि १७ नोव्हेंबरला सुरक्षा परिषदेने ठराव २८०३ केला. त्यातलं राज्याविषयीचं वाक्य असं आहे: पॅलेस्टिनी प्राधिकरणाच्या सुधारणा नीट पार पडल्यावर आणि गाझाची उभारणी पुढे सरकल्यावर, स्वयंनिर्णय आणि राज्य यांच्या विश्वासार्ह वाटेसाठी कदाचित परिस्थिती तयार झालेली असेल. एका वाक्यात इतकी कुंपणं १९७८च्या कागदालाही जमली नव्हती. इकडे इस्राएलच्या संसदेने २०२४मध्येच पॅलेस्टिनी राज्य नको असा ठराव केला आहे, तिकडे ब्रिटन, फ्रान्स, कॅनडा यांनी २०२५मध्ये त्या राज्याला मान्यता दिली, आणि वेस्ट बँकेतले वसाहतवाले पाच लाखांवर गेले आहेत. १९६७च्या युद्धाआधीची रेषा आधार धरून जमिनीची थोडी अदलाबदल, हे सूत्र अरब लीगने २०१३मध्ये उचलून धरलं होतं. ती रेषा आधी कागदावर आली, तर अंमलबजावणीला १० वर्षं लागली तरी चालतील. ठराव २८०३मध्ये गाझातल्या आंतरराष्ट्रीय फौजेची मुदत ३१ डिसेंबर २०२७ अशी तारखेनिशी नोंदवलेली आहे. सीमारेषा कुठून जाईल, हे त्यात नाही.