गॅडोलिनियम: अणुभट्टीतले वेगळे, चिपमधले वेगळे

तारापूर अणुवीज केंद्राच्या ३ आणि ४ क्रमांकाच्या अणुभट्ट्यांत गॅडोलिनियम नायट्रेटचे द्रावण कायम सज्ज असते. याच धातूचे गॅडोलिनियम नायट्राइड मात्र गाजते ते चुंबकीय इलेक्ट्रॉनिक्सच्या संशोधनात. नावे सारखी, त्यामुळे गैरसमजही बरेच.

गैरसमज: दोन्ही एकच, भट्टीत कुठलेही चालेल.
वस्तुस्थिती: नायट्राइडमध्ये गॅडोलिनियमच्या एका अणूमागे नायट्रोजनचा एक अणू, ऑक्सिजन अजिबात नाही. नायट्रेटमध्ये ऑक्सिजन असतो आणि ते पाण्यात सहज विरघळते. भट्टीला हवे ते हेच. ५४० मेगावॅटची भट्टी तातडीने बंद करायला कॅडमियमच्या दांड्या असतातच; त्यांच्यावर विसंबून नसलेली दुसरी व्यवस्था या द्रावणाची. हेलियमच्या दाबाने ते जड पाण्यात शिरते, न्यूट्रॉन शोषते आणि साखळी अभिक्रिया थांबते. पुन्हा भट्टी सुरू करण्याआधी रेझिनमधून पाणी फिरवून गॅडोलिनियम काढून घेतात.

गैरसमज: गॅडोलिनियम किरणोत्सारी असते.
वस्तुस्थिती: व्यवहारात नाही. न्यूट्रॉन शोषण्यात सर्वांत पुढे असलेला गॅडोलिनियम-१५७ स्थिर आहे. न्यूट्रॉन घेताना तो गॅमा किरण सोडतो, पण त्यातून होणारा गॅडोलिनियम-१५८ देखील स्थिरच.

गैरसमज: नायट्राइड चुंबकीय अर्धवाहक आहे, म्हणजे लवकरच मोबाइलमध्ये येणार.
वस्तुस्थिती: त्याचे चुंबकत्व सुमारे उणे २०० अंश सेल्सिअसच्या खालीच जागे होते. म्हणून सध्या त्याचा उपयोग अतिवाहक जोडण्या आणि इलेक्ट्रॉनच्या स्पिनवरच्या प्रयोगांत होतो. हायड्रोजन द्रवरूप करण्यासाठी चुंबकीय शीतकरणात ते वापरता येईल का, याचाही अभ्यास झाला आहे.

गैरसमज: नायट्राइड म्हणजे कठीण, टिकाऊ, बाटलीत भरून ठेवले की झाले.
वस्तुस्थिती: टायटॅनियम नायट्राइडचा मुलामा टिकतो, गॅडोलिनियम नायट्राइड मात्र दमट हवेत टिकत नाही. ऐन पावसाळ्यात तारापूरजवळच्या बोईसरला याची पूड उघडी ठेवली, तर बाष्पाशी अभिक्रिया होऊन हायड्रॉक्साइड बनेल आणि अमोनियाचा उग्र वास सुटेल. म्हणूनच त्याचा पातळ थर निर्वातात चढवतात आणि वर लगेच गॅलियम किंवा ॲल्युमिनियम नायट्राइडचे आवरण देतात.

गैरसमज: दुर्मीळ मृदा धातू म्हणजे फारच थोडा.
वस्तुस्थिती: भूकवचात गॅडोलिनियम कथिलापेक्षा जास्त आहे. पण मोनाझाइटसारख्या खनिजात तो आपल्या भाऊबंदांत मिसळलेला असतो. त्यांचे रासायनिक गुण इतके जुळतात की वेगळे करण्याची प्रक्रिया पुन:पुन्हा करावी लागते. महाग पडते ते हे काम.

म्हणून गॅडोलिनियमची बातमी वाचताना आधी संयुग कोणते ते पाहावे, मग तापमान.