दोनची चाल, बॉस!

दिवाळीत जतला आजोळी गेलं की पाडव्याच्या रात्री सोप्यात सतरंजी पडते आणि तीन पत्तीचा डाव बसतो. नियम थोरल्या मामांचा: ब्लाइंड खेळायचं तर रुपया, पानं बघून खेळायचं तर दोन. चाल वाढवायची नाही म्हणजे नाही. पुण्याहून आलेली आम्ही भावंडं कायम कुरकुरायचो. रुपया-दोन रुपयांत कसलं थ्रिल? पण या नियमामागे एक राजदूत मोटरसायकल आहे. धाकट्या मामांनी ती लग्नाआधी खुल्या चालीच्या डावात एका रात्रीत घालवली. घरात तो विषय आजही निघत नाही.

मी पोकर शिकलो ऑफिसच्या पोरांकडून. मग मोबाइलवरच्या एका ॲपवर नो-लिमिट खेळायला लागलो आणि २०२३ मध्ये एका शनिवारी पगाराचा तिसरा हिस्सा उडवला. घरी अर्थातच सांगितलं नाही. (ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचाच कायदा केला, खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा. पत्त्यांचा अड्डा चालवणं तर आपल्याकडे १८८७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे.) त्यानंतर मित्रांबरोबर नुसत्या चिप्स घेऊन लिमिट पोकर खेळलो, तेव्हा मामांचा नियम पहिल्यांदा डोक्यात शिरला.

लिमिटमध्ये बेट ठरलेली असते. समजा १०-२० चा खेळ आहे. हातात दोन पानं आल्यावर आणि टेबलावर पहिली तीन उघडल्यावर १० ची बेट, चौथ्या आणि पाचव्या पानाला २० ची. एका फेरीत साधारण एक बेट आणि तीन रेज, बस्स. म्हणजे समोरच्याला घाबरवून उठवायची सोयच नाही. मग उरतो हिशोब.

म्हणजे बघा, चार पानं उघडलीत, तुमच्याकडे बदामची चार जमलीत, पाचवं हवंय. न दिसलेली पानं ४६, त्यात बदाम ९. चार वेळा हुकेल तेव्हा एकदा लागेल. समोरच्याने २० लावले आणि मध्ये १२० जमलेत. वीस देऊन एकशेवीस मिळणार, म्हणजे सहास एक. डोळे झाकून कॉल करा! हाच माणूस नो-लिमिटमध्ये १०० च्या पॉटवर १०० लावतो, तेव्हा भाव दोनास एक होतो आणि बदाम गपगुमान टाकावे लागतात.

माझी सगळ्यात आवडती चाल आहे स्वस्तातलं पान. तीन पानं उघडलीत, बदाम चार आहेत, बोलायची पाळी तुमची शेवटची आणि कुणीतरी १० लावलेत. तुम्ही रेज करून २० करा. पुढच्या पानाला बेट दुप्पट होते, पण बहुतेक वेळा सगळे बिचकून चेक करतात. बदाम आलं तर लावा, नाही आलं तर तुम्हीही चेक करा. जादा १० टाकून २० वाचले! समोरच्याने उलट रेज केलं तर मात्र डाव अंगाशी येतो, हेही सांगून ठेवतो.

आणखी एक. लिमिटमध्ये भित्रे लोक चांगल्या पानांवर नुसता कॉल करत बसतात. २०१५ मध्ये कॅनडाच्या अल्बर्टा विद्यापीठाने दोघांचं लिमिट होल्डेम जवळपास पूर्ण सोडवणारा 'सेफियस' हा प्रोग्रॅम जाहीर केला. पानं वाटणाऱ्याच्या जागेवर असताना तो पहिल्या फेरीत नुसता कॉल जवळजवळ करतच नाही. रेज, नाहीतर पानं खाली. मशीनला लाज नसते म्हणा.

तर गेल्या पाडव्याला हे सगळं ज्ञान घेऊन मी सतरंजीवर बसलो. एका डावात शेवटी मामी आणि मी उरलो. मामी विजापूरकडच्या, पैसे कन्नडमध्ये मोजतात. माझ्याकडे नव्वांची जोडी. त्या ब्लाइंड. तीन पानांचे २२,१०० हात होतात, त्यातल्या चौऱ्याहत्तर टक्क्यांत साधी जोडीसुद्धा नसते. न बघितलेल्या हातापुढे नव्वांची जोडी शंभरातून पंच्याऐंशी वेळा जिंकते. माझे दोन, त्यांचा एक, तरी सौदा माझ्याच फायद्याचा. आणि आमच्याकडे ब्लाइंडवाल्याकडे शो मागता येत नाही, त्यामुळे थांबायचा प्रश्नच नव्हता.

"ओंदु," मामी म्हणाल्या आणि रुपया टाकला. मी दोन. परत ओंदु. परत दोन. तेरा फेऱ्या झाल्या. धाकटे मामा भिंतीला टेकून बघत होते, ते कधीच पानं हातात घेत नाहीत. मला शनिवारची ती रात्र आठवली. तिथे असतो तर पंच्याऐंशी टक्क्यांवर मी सगळंच आत ढकललं असतं.

चौदाव्या फेरीला मामींनी शो मागितला आणि पहिल्यांदाच पानं उलटली. दोन राण्या, एक चौकट सत्ती.

सव्वीस रुपये गेले. "भाच्या, बघून खेळतोस आणि घाम पुसतोस?" असं म्हणत मामींनी नाणी डब्यात ओढली आणि पत्ते पिसायला माझ्याकडे सरकवले.