घोडा आणि माणूस (भाग ६) : चाल रक्तात, भार खुरावर

ज्येष्ठात शेगावहून गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला निघते, तेव्हा टाळकऱ्यांसोबत सजवलेला अश्वही चालतो. मुक्कामाला वारकऱ्यांच्या पायांना तेल चोळले जाते. घोड्याच्या पायाची विचारपूस मात्र खूर उचलूनच करावी लागते. तापलेले डांबर, सडकेची खडी आणि पहिल्या पावसानंतरची काळी चिकट माती, हे सारे त्या खुराखालून जाते.

गेल्या आठवड्यात आपण घोड्याच्या चाली पाहिल्या. आपल्याकडे रेवाल चालीच्या घोड्याला मोठा मान. नंदुरबार जिल्ह्यात सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो, तिथे गिऱ्हाईक आधी चालच पाहते. पाठीवरच्या स्वाराला हिसका बसत नाही, हे रेवालचे वैशिष्ट्य. आइसलँडच्या ठेंगण्या घोड्यांची ‘टोल्ट’ही अशीच, चार ठोक्यांची आणि बिनहिसक्याची.

ही चाल येते कुठून? २०१२ मध्ये स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातील संशोधकांनी आइसलँडी घोड्यांत चालीशी निगडित एक जनुकीय बदल शोधला. म्हणजे चालीचे मूळ रक्तात आहे. शिकवणाऱ्याने ती फक्त खुलवायची असते.

तरीही पाय उंच उचलावा म्हणून जड नाल ठोकण्याचा मोह जगभर दिसतो. अमेरिकेत एका जातीच्या घोड्यांच्या पायांना रसायने लावून जखमा करीत. ते रोखायला १९७० मध्ये कायदा करावा लागला. आइसलँडी घोड्यांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत नालेच्या जाडीला मर्यादा आहे आणि पायातल्या संरक्षक बुटांचे वजन २५० ग्रॅमच्या वर चालत नाही. आइसलँडमध्ये घोड्यावर स्वारी सुरू होते ती तो साधारण चार वर्षांचा झाल्यावर, हाडे भरल्यावर.

आता नालबंदाच्या हाताकडे पाहू. तो घोड्याचा पाय आपल्या मांड्यांत धरतो, जुनी नाल पकडीने सैल करून काढतो, वाढलेला खूर छाटतो आणि कानशीने सपाट करतो. नालेचा खिळा खुराच्या बाहेरच्या, जाणीव नसलेल्या कवचातूनच वर निघाला पाहिजे. थोडा आत गेला तर घोडा लंगडतो. तळाशी रबरासारखा लवचीक त्रिकोणी भाग असतो. पाय टेकताच तो दबतो, धक्का पचवतो. तो खोल कोरून काढणे ही चूकच.

खूर महिन्याला साधारण ८ ते १० मिलिमीटर वाढतो. म्हणून सहा ते आठ आठवड्यांनी छाटणी हवी, मग नाल झिजलेली नसली तरी. पावसाळ्यात रोज खुराच्या खाचेतला चिखल आणि शेण काढावे. तिथून काळपट स्राव आणि दुर्गंधी आली, तर खूर सडू लागला आहे, पशुवैद्यकाला दाखवावे.

खुराइतकीच काळजी लगामाबाबतही हवी. काटेरी लगामाला १९६५ च्या केंद्रीय नियमांनुसार बंदी आहे, मग घोडी वरातीची असो वा टांग्याची. लगाम ओढल्यावर घोडा थांबला की हात त्याच क्षणी सैल करायचा. ही सुटका त्याला नेमके सांगते की त्याने बरोबर केले. ओढ तशीच राहिली तर थांबण्याचा अर्थच त्याला कळत नाही, तोंड मात्र सोलते.

पुढील आठवड्यात : पावसाळी चारा आणि घोड्याची पोटदुखी.