हॉटेलात सामना दाखवताय? एवढं बघा

२१ जानेवारी २००७. नागपूरच्या सिव्हिल लाइन्स मैदानावर गांगुलीनं वेस्ट इंडिजविरुद्ध ९८ धावा काढल्या. दूरदर्शनवर मात्र सामना थेट दिसला नाही. त्याच वर्षी कायदा आला: राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीला देणं बंधनकारक झालं. पण हॉटेलात सामना दाखवायचा तर आणखी काही गोष्टी पाळाव्या लागतात.

■ जोडणी : गिऱ्हाइकांसाठी टीव्ही लावणारा ‘व्यावसायिक ग्राहक’ ठरतो. सावजी भोजनालयातला सेट-टॉप बॉक्स घरच्या नावावर नको, धंद्याच्या नावावर घ्या. पावती गल्ल्यातच ठेवा.

■ तिकीट : पैसे घेऊन सामना दाखवायचा तर वाहिनीचा परवाना हवाच (कॉपीराइट कायदा १९५७, कलम ३७).

■ शिक्षा : परवान्याशिवाय असा सामना दाखवल्यास याच कायद्याच्या कलम ६३ नुसार ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड.

■ मोबाइल अ‍ॅप : वर्गणी सहसा वैयक्तिक वापरापुरती असते. मोठ्या पडद्याला जोडण्याआधी अटी वाचा.

■ फ्री डिश : मासिक शुल्क नाही. दूरदर्शनला मिळालेले सामने इथे दिसतात.

चहा-तर्रीपोह्यासोबत सामना बघण्याची मजा मोठी आहे. ती रीतसर असली की मालकही निर्धास्त राहतो.