पुढच्या बाकावरची माणसे

नाताळच्या देखाव्यांत गव्हाणीतील बाळाभोवती मेंढपाळ असतात, मागी लोकही असतात. परंतु लूककृत शुभवर्तमानातील दोन भाविकांना तेथे जागा नसते. इस्राएलाच्या सांत्वनाची वाट पाहणारा शिमोन आणि चौऱ्याऐंशी वर्षांची विधवा हन्ना, ही ती दोघे. यरुशलेमच्या गजबजलेल्या मंदिरात आणलेल्या बाळाला ओळखले ते यांनीच. कारण त्यांचे आयुष्य वाट पाहण्यात व प्रार्थनेत गेले होते.

महाराष्ट्रातील मंडळीलाही अशी एक हन्ना लाभली. १९१९ साली रेव्हरंड नारायण वामन टिळक निवर्तले, तेव्हा त्यांचे 'ख्रिस्तायन' अपुरेच होते. शाळेत कधीही न गेलेल्या लक्ष्मीबाईंनी, वयाची पन्नाशी उलटल्यावर, ते महाकाव्य हाती घेतले आणि पूर्णत्वास नेले.

टिळकांची भजने आजही मराठी उपासनेत गायिली जातात. पुस्तक न उघडता ती म्हणणाऱ्या आजीबाई आम्ही पुढच्या बाकावर पाहत आलो आहोत. कित्येकांना श्रद्धेचा पहिला धडा उपदेशकाच्या व्यासपीठावरून नव्हे, तर अशा आजीच्या शेजारी बसून मिळाला. त्या बाकावरील जागा आता एकेक करून रिकाम्या होत आहेत. भजने पुस्तकात राहतील. ती जगून दाखविणारी माणसे मात्र छापता येत नाहीत.

म्हणून यंदा नाताळच्या उपासनेला जाताना मुलांना त्या बाकावर बसवावे, एवढेच आमचे मागणे आहे.