कुत्रा जीभ बाहेर का काढतो?

मे महिन्यात उमरग्याचा पारा अनेकदा ४० अंश सेल्सिअसच्या वर जातो. अशा वेळी सावलीत स्वस्थ बसलेला कुत्राही जीभ बाहेर काढून भराभरा धापा टाकताना तुम्ही पाहिला असेल. तो पळून दमलेला नसतो. मग धापा कशासाठी?

उष्णता नेहमी अधिक तापमानाकडून कमी तापमानाकडे वाहते. निरोगी कुत्र्याच्या शरीराचे तापमान ३८ ते ३९ अंश असते. भोवतालची हवा ४२ अंशांवर गेली, की उष्णता शरीरातून बाहेर जाण्याऐवजी हवेतून शरीरात येऊ लागते. आता एकच मार्ग उरतो, तो म्हणजे बाष्पीभवन.

माठातले पाणी गार होते ते याच कारणाने. आपल्याला घाम येतो व तो वाळताना त्वचा थंड होते. कुत्र्याच्या घामग्रंथी मात्र मुख्यतः पंजांच्या गाद्यांत असतात. त्यांचा उपयोग थोडा. म्हणून तो नाक, तोंड आणि जीभ यांच्या ओलाव्यावरून वेगाने हवा खेळवतो. धापा म्हणजे जणू त्याचा पंखाच! लांब तोंडाच्या कारवानी कुत्र्याला हे चांगले साधते. चपट्या नाकाच्या पगला फार जड जाते.

थोडे गणित करू. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता शोषली जाते. दहा किलो वजनाच्या कुत्र्याचे तापमान एक अंशाने उतरवण्यास सुमारे ८,३०० कॅलरी काढून घ्याव्या लागतात. म्हणजे साधारण १४ ग्रॅम, तीन चहाचे चमचे पाणी पुरे. पण शरीरात उष्णता सतत निर्माण होत असते व बाहेरूनही येते. त्यामुळे हा खर्च दिवसभर चालूच राहतो. भांडे कोरडे पडले, की पंखा फिरूनही उपयोग नाही.

पावसाळ्यात कपडे लवकर का वाळत नाहीत? हवा आधीच दमट असते म्हणून. पत्र्याच्या बंद खोलीत कोंडलेल्या कुत्र्याचेही तसेच होते. त्याच्याच श्वासाने हवा दमट होते आणि बाष्पीभवन मंदावते.

साखळीने बांधताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. सकाळची सावली दुपारी तिथे राहत नाही. साखळी मात्र तेवढीच राहते. दिवसभर सावली, वारा आणि पाणी मिळेल अशीच जागा निवडा. फिरायला नेण्यापूर्वी हाताची मागची बाजू डांबरी रस्त्यावर टेकवा. पाच सेकंद ठेववत नसेल, तर कुत्र्याचे पायही भाजतील.

लाळ घट्ट झाली, हिरड्या लालभडक झाल्या, चाल अडखळू लागली, तर तो उष्माघात समजा. शरीराचे तापमान ४१ अंशांपलीकडे गेले, की जिवाला धोका असतो. त्याला लगेच सावलीत आणा, अंगभर पाणी ओता आणि वारा घाला. ओले पोते गुंडाळून ठेवू नका. वारा अडला, की बाष्पीभवनही अडते. शुद्ध हरपली असेल, तर तोंडात पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जाईल. अंग गार करणे चालू ठेवूनच पशुवैद्यकीय दवाखाना गाठा.