जुना शक्तिवर्धक विकताना

तंजावरच्या वीणेचा मुख्य भोपळा फणसाच्या लाकडातून कोरून काढतात. तेथील कारागीर त्याला कुडम् म्हणतात. 'एकांड' वीणेत तर भोपळा, दांडी व शीर्ष ही सर्व एकाच ओंडक्यातून निघतात. वादकाने तार छेडली म्हणजे तिचे कंपन घोडीवाटे भोपळ्यावरील फळीत उतरते आणि स्वर मोठा होऊन ऐकू येतो. परंतु भोपळा नवी शक्ती निर्माण करीत नाही. बोटाने तारेला जेवढी शक्ती दिली, तेवढीच तो रुंद फळीच्या साहाय्याने हवेला अधिक सुलभपणे पोचवितो.

विद्युत्-शक्तिवर्धकाचे कार्य याहून सर्वस्वी निराळे आहे. तंजावर जिल्ह्यातील कल्लणै हे कावेरीवरचे प्राचीन धरण ज्यांनी पाहिले असेल त्यांना ते चटकन उमगेल. दरवाजा वरखाली करणारा हात पाणी ढकलीत नाही. पाणी नदीचे असते, हात केवळ त्याचे नियमन करतो. शक्तिवर्धकात नदीच्या जागी घरातील वीज असते आणि दरवाज्याच्या जागी व्हॉल्व्ह अथवा ट्रान्झिस्टर. ली डी फॉरेस्ट या अमेरिकन संशोधकाने १९०६ साली निर्वात नळीत तप्त तंतू व धातूची पट्टिका यांच्यामध्ये एक बारीक जाळी बसविली, तेव्हा हा दरवाजा प्रथम हाती आला. जाळीवरील विद्युत्-दाब किंचित बदलला की पट्टिकेकडे जाणारा प्रवाह पुष्कळ बदलतो.

स्टिरिओ शक्तिवर्धकात असे दोन मार्ग असतात, डाव्या व उजव्या कर्ण्यासाठी एकेक. ध्वनिमुद्रिकेवरून येणारा संदेश आधी पूर्ववर्धकात वाढून एक-दोन व्होल्ट इतका होतो. शक्तिवर्धकाने त्यास प्रत्यक्ष बळ द्यावयाचे असते. ८ ओहम् रोधाच्या कर्ण्यात ७५ वॉट शक्ती घालावयाची तर सुमारे साडेचोवीस व्होल्ट दाब व ३ अँपिअर प्रवाह लागतो. त्यासाठीच ही यंत्रे मोठमोठ्या रोहित्रांनी जड झालेली असतात. 'मॅकिन्टॉश' या अमेरिकन कंपनीने १९६१ साली बाजारात आणलेला 'एम् सी २७५' हा शक्तिवर्धक दर मार्गास ७५ वॉट देई आणि त्याचे वजन जवळजवळ ३० किलो भरे. इंग्लंडमधील 'क्वाड टू' हा १९५३ चा, केवळ १५ वॉटांचा. पण त्याचीही कीर्ती अद्याप ओसरलेली नाही.

आज असे यंत्र घरात असेल, समजा तंजावरमधील एखाद्या जुन्या वाड्याच्या माडीवर परदेशातून परतलेल्या आजोबांनी आणून ठेवलेले असेल, तर ते भंगार नव्हे. त्याला लोक मोठी किंमत का देतात, याचे कारण काही अंशी हौस हेच आहे. पण सर्वस्वी नाही. ट्रान्झिस्टरच्या आरंभीच्या शक्तिवर्धकांत एक दोष असे. ध्वनिलहरीचा वरचा अर्धा भाग एक ट्रान्झिस्टर व खालचा दुसरा सांभाळी, आणि एकाकडून दुसऱ्याकडे काम सोपविताना लहर किंचित मोडे. मोठ्या आवाजात हा दोष झाकून जाई, हळुवार स्वरात मात्र तो उघडा पडे. वीणेचा स्वर छेडल्यावर सावकाश विरत जातो, आणि विरता विरता वादक तार ओढून गमक घेतो. ते शेवटचे, अगदी क्षीण आंदोलन स्वच्छ ऐकू येते की नाही, हीच शक्तिवर्धकाची खरी कसोटी. घर दणाणून सोडणे तुलनेने सोपे आहे. पुढील ट्रान्झिस्टर-यंत्रांनी हा दोष बव्हंशी दूर केला हेही सांगितले पाहिजे. विकणाऱ्याने व्हॉल्व्हविषयी दंतकथा पसरवू नयेत.

जुने यंत्र विकण्याच्या घाईत पुष्कळ लोक पहिली चूक करतात ती ही, की ते 'चालते का' हे पाहण्यासाठी वीज जोडतात. अमेरिकेत विकलेले यंत्र बहुधा ११७ व्होल्टांचे असते. त्यास आपल्याकडील २३० व्होल्ट दिले तर व्हॉल्व्हचे तंतू व रोहित्र यांचा काही क्षणांत नाश होतो. दाब उतरविणारे निराळे रोहित्र जोडले तरी विचार संपत नाही. तेथील वीज सेकंदाला ६० आवर्तनांची, आपली ५० ची. त्यामुळे रोहित्राच्या लोखंडी गाभ्यातील चुंबकीय प्रवाह तितक्याच दाबाखाली एक-पंचमांशाने वाढतो व गाभा अधिक तापतो. म्हणून मागील पट्टीवर काय लिहिले आहे ते आधी वाचावे.

दाब योग्य असला तरी धोका राहतोच. विद्युत्-अपघटनी कन्डेन्सरमध्ये ॲल्युमिनियमवरील ऑक्साइडचा अतिसूक्ष्म थर रोधकाचे काम करतो. यंत्र वर्षानुवर्षे बंद राहिले म्हणजे हा थर दुबळा होतो. एकदम पूर्ण दाब आला तर त्यातून प्रवाह झिरपतो, कन्डेन्सर तापतो आणि क्वचित फुटतो. उष्ण हवेत त्याचे आयुष्य आणखी घटते; तापमान १० अंशांनी चढले की ते सुमारे निम्मे होते, असा तंत्रज्ञांचा ढोबळ नियम आहे. कावेरीच्या मुखप्रदेशातील उन्हाळा व ऑक्टोबर ते डिसेंबरचा ओला ईशान्य मोसमी वारा या यंत्रांना मुळीच मानवत नाही. जाणकार कारागीर आधी जुने कन्डेन्सर तपासतो, संशयास्पद असतील ते बदलतो आणि मग डिमरस्टॅटच्या साहाय्याने दाब हळूहळू चढवितो. कर्णा किंवा त्याच्या जागी योग्य रोधक जोडल्याखेरीज व्हॉल्व्हचे यंत्र चालवू नये, कारण मग निर्गम-रोहित्रात दाबाचे झटके उठून त्याचे वेष्टन भाजून निघते. आणि मूळ निर्गम-रोहित्र पुन्हा मिळणे अतिशय कठीण. येथे एक इशारा देणे अवश्य आहे. यंत्रातील दाब ४०० व्होल्टांहून अधिक असू शकतो, आणि वीज काढून घेतल्यावरही तो कन्डेन्सरमध्ये काही काळ टिकून राहतो. झाकण उघडण्याचे काम विद्यार्थ्यांनी करू नये.

किंमत ठरविताना ग्राहक तीन गोष्टी विचारतो. पहिली, यंत्र केव्हाचे? 'एम् सी २७५' ची नवी आवृत्ती १९९३ साली निघाली, आणि पहिल्या आवृत्तीचे मोल तिला लावणे ही फसवणूक होय. दुसरी, रोहित्रे मूळची आहेत काय? तिसरी, व्हॉल्व्ह कोणते? या यंत्रातील 'केटी ८८' या जातीचे इंग्लंडमधील मूळ उत्पादन केव्हाच थांबले असल्याने जुने चांगले नग महाग झाले आहेत, आणि साध्या नगावर जुन्या कारखान्याचे नाव छापणारेही आढळतात. व्हॉल्व्ह तपासणी-यंत्रावर घेतलेले आकडे सोबत दिले तर वाद मिटतो.

दुरुस्तीविषयी संग्राहकांत मतभेद आहेत. काहींना आतील एकही तुकडा बदललेला नको असतो. ही भूमिका वस्तुसंग्रहालयातील मूर्तीला शोभेल; ज्यातून संगीत ऐकावयाचे त्या यंत्राला झिरपणारा कन्डेन्सर केवळ जुना म्हणून ठेवणे शहाणपणाचे नाही. बदललेले भाग लहान पिशवीत घालून, प्रत्येकावर चिठ्ठी लावून ग्राहकास द्यावेत. म्हणजे दोन्ही पक्षांचे समाधान होते.

शेवटी पाठवणी. व्हॉल्व्ह काढून, कागदात गुंडाळून, कोणता कोठला याची खूण करून वेगळ्या डब्यात ठेवावेत. रोहित्रांच्या बाजूला वजन अधिक असते, म्हणून लाकडी पेटीचा तळ तेथे जाड फळीचा करावा आणि जड बाजू कोणती ते पेटीवर बाहेरून लिहावे.